शिदोरी संपते तेव्हा

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. तिचे फलन आईच्या शरीराबाहेर झाले होते. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे काम. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते, हे पुढे त्यांची टिपणे तपासून आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये जाहीर केले.

त्या काळी गर्भ दोन-तीन दिवसांचा, चार ते आठ पेशींचा असतानाच गर्भाशयात सोडत. नेमक्या याच टप्प्यावर मानवी गर्भाची स्वतःची जनुके जागी होतात, हे मात्र १९८८ मध्ये समजले.

तोवर गर्भ जगतो तो आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर. बीजांडात प्रथिने आणि ती बनवण्याचे निरोप, म्हणजे आरएनए, आधीच भरलेले असतात. पहिली विभाजने त्यांच्या जोरावर होतात. मग जुने निरोप नष्ट होऊ लागतात आणि गर्भाला स्वतःचा संसार मांडावा लागतो. तो मांडतात जनुक-नियामक प्रथिने. ती डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि कोणते जनुक वाचायचे, कोणते मिटलेले ठेवायचे, हे ठरवतात.

पहिला मोठा निर्णय वाटणीचा: कोणत्या पेशी वारेसाठी, कोणत्या बाळासाठी? उंदराच्या गर्भात तो पेशीच्या जागेवरून ठरतो. बाहेरच्या पेशीची एक बाजू उघडी असते. तिच्यात ‘यॅप’ हे प्रथिन केंद्रकात शिरते, ‘टीड-४’शी जोडी जमवते आणि ‘सीडीएक्स-२’ चालू होते. ती पेशी वारेच्या वाटेला लागते. चहूबाजूंनी वेढलेल्या आतल्या पेशीत ‘यॅप’ केंद्रकाबाहेर अडते. तिथे ‘ऑक्ट-४’ टिकून राहते.

‘ऑक्ट-४’ नसेल तर? उंदराचा गर्भ पोकळ चेंडूच्या अवस्थेपर्यंत पोहोचतो, पण त्याच्या आतल्या पेशीही वारेच्या वाटेने जातात, हे १९९८ मध्ये दिसले. २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत कॅथी नायकन यांच्या गटाने दान मिळालेल्या मानवी गर्भांत हेच जनुक निकामी केले. त्यांतले बहुतेक त्या चेंडूपर्यंतही नीट पोहोचले नाहीत. उंदीर आपला जवळचा नातलग खरा, पण त्याच्यावरून सगळेच ताडता येत नाही.

आज मीरा-भाईंदरसारख्या शहरांतही वंध्यत्व उपचारांच्या पाट्या दिसतात. तिथे अनेक जोडप्यांना एक वाक्य ऐकावे लागते: ‘गर्भ तिसऱ्या दिवशी थांबला.’ घरी आल्यावर सुनेला विचारले जाते, काय उचललेस, काय खाल्लेस? गर्भ तर तेव्हा बशीत होता, तिच्या पोटात नव्हता! हा थांबा शिदोरी संपून स्वतःची जनुके जागी होण्याच्या सांध्यावरचा आहे. गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक हे त्यामागचे एक मोठे कारण, आणि तशी चूक बीजांडात, शुक्राणूत किंवा फलनानंतरच्या विभाजनातही होऊ शकते. बाईने हंडा उचलला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. पेशींच्या या हिशेबात सुनेच्या नावावर मांडण्यासारखा गुन्हा कुठेच सापडत नाही.