डब्यावरचा हिरवा दिवा काय सांगतो?

जून-जुलैत आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही सेवा केंद्रासमोर जरा थांबून पाहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रवेशाचा अर्ज अशा कामांसाठी रांग पार रस्त्यापर्यंत आलेली असते. तेवढ्यात आतून आवाज येतो, ‘नेट गेलं, उद्या या.’ कामावर खाडा करून जी बाई रांगेत उभी असते, तिची दिवसाची मजुरी या चार शब्दांत बुडते. मी कवितेचा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. पण नेट ‘जातं’ म्हणजे नेमकं कुठून जातं, हे मला समजून घ्यावंसं वाटलं. निम्मं उत्तर भिंतीवरच्या लहानशा डब्यावरच मिळतं.

कचेरीतल्या संगणकांच्या तारा ज्या डब्यात एकत्र येतात, त्याला पूर्वी हब म्हणत. एका तारेतून आलेला निरोप हब सगळ्यांनाच ओरडून सांगे. दोघे एकदम बोलले की निरोपांची टक्कर होई, आणि काही हबवर त्या टकरीचाही दिवा असे. आता हबची जागा स्विचनं घेतली आहे. तो ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो.

या डब्यावर प्रत्येक तारेसाठी एक खाच असते, तिला पोर्ट म्हणतात. तिच्याजवळच बारीक दिवा असतो. वीज आल्याची खूण दाखवणारा दिवा वेगळा. पोर्टचा दिवा समोरच्या यंत्राची चाहूल लागली तरच लागतो. १९९० साली ठरलेल्या पद्धतीत दोन्ही टोकांची यंत्रं, काही काम नसतानाही, सेकंदाला साधारण ६० वेळा एकमेकांना विजेचा हलकासा ठोका देतात. जणू विचारतात, ‘मी आहे, तू आहेस ना?’ पुढच्या वेगवान पद्धतींत रीत बदलली, विचारपूस राहिली.

म्हणून स्थिर दिवा म्हणजे जोडणी ठीक आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे माहितीची ये-जा चालू आहे. दिवा विझलेला असेल, तर तार निसटली आहे, तुटली आहे किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. रंगांचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो. पुष्कळ डब्यांवर नारिंगी आणि हिरवा रंग फक्त वेगातला फरक दाखवतात, तेव्हा नारिंगी दिसला म्हणून घाबरू नये.

दिवा विझला असेल तर आधी तार काढून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. मग तीच तार दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. तिथे दिवा लागला, तर पहिला पोर्ट बिघडला असावा. तिथेही लागला नाही, तर तार बदलून पाहावी.

पण दिवा हिरवा असूनही नेट नसेल तर? हा दिवा फक्त शेजारच्या यंत्रापर्यंतचीच ग्वाही देतो. आपल्या पाणचक्कीचं पाणी दूरच्या झऱ्यावरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. ते वाटेत अडलं, तर चक्कीची ठोकपीट करून काय उपयोग? तसंच इथंही एकेक टप्पा मागे जात पाहावं लागतं: संगणकाकडून स्विच, स्विचकडून बाहेरून तार येणारा डबा.

हल्ली ही बाहेरची तार बहुधा काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची असते. त्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. तंतू कुठे तरी निसटला, दुमडला किंवा तुटला आहे, असं समजावं. फायबरचं टोक उपसून त्यात डोळा लावून मात्र कधीही पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

अशा वेळी कंपनीला फोन करून नुसतं ‘नेट बंद आहे’ म्हणू नका. ‘लॉसचा दिवा लाल आहे’ असं सांगा. म्हणजे दुरुस्तीला येणारा माणूस आतले संगणक तपासत बसणार नाही, थेट बाहेरच्या तारेकडे जाईल. आणि रांगेला निदान एवढं तरी खरं सांगता येईल, की थांबायचं की घरी जायचं.