हातात शिफा आहे, पण चिठ्ठी कुठे आहे?

आमच्या मोहल्ल्यात कोणी आजारी पडले की पहिला सल्ला ठरलेला असतो, "अमक्या डॉक्टरसाहेबांकडे जा, त्यांच्या हातात शिफा आहे." सल्ला देणाऱ्याची नियत चांगलीच असते. आम्हीही वर्षानुवर्षे हाच सल्ला घेत आणि देत आलो. त्यात काय राहून जाते, हे अम्मींच्या दुखण्याने आम्हाला शिकवले.

अम्मींना मधुमेह आणि गुडघेदुखी. घराजवळचा दवाखाना सोयीचा. मगरिबनंतर जायचे, पाच-दहा मिनिटांत सुई टोचून घ्यायची आणि कागदाच्या पुडीतल्या तीन रंगांच्या गोळ्या घेऊन परत यायचे. दुसऱ्या दिवशी अम्मी जिना चढू लागायच्या. डॉक्टरसाहेब बोलायला गोड, पैसे कमी घेणारे, अम्मींना 'खाला' म्हणून हाक मारणारे. आणखी काय हवे?

असे दीड वर्ष चालले. मग पायाच्या अंगठ्याला लहानशी जखम झाली आणि ती भरेना. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले तेव्हा साखर चारशेच्या वर होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "गुडघ्यासाठी कोणते इंजेक्शन चालू होते? गोळ्या कोणत्या?" आम्ही पुडी पुढे केली. तिच्यावर नाव नाही, प्रमाण नाही. मुलांना रोज लिहायला-वाचायला शिकवणारे आम्ही, पण दीड वर्षाच्या उपचाराचा एका ओळीचाही कागद आमच्याकडे नव्हता.

दुखणे झटकन थांबवणाऱ्या काही इंजेक्शनांत स्टेरॉइड असते आणि त्याने मधुमेहींची साखर वाढते. अम्मींना तेच दिले गेले होते का? आता ते कधीच कळणार नाही, कारण कुठेच काही लिहिलेले नव्हते. अल्हम्दुलिल्लाह, पाय वाचला. अंगठा मात्र गेला.

गर्दी, सुई आणि गोड बोलणे

आम्ही दवाखाना तीन गोष्टींवरून जोखत होतो. पहिली गर्दी. पण दवाखाना जवळ असतो, स्वस्त असतो, रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, म्हणूनही गर्दी होते. गर्दीवरून उपचाराची पारख होत नाही.

दुसरी सुई. सुईने लवकर बरे वाटते, हा आपल्याकडचा पक्का समज. सर्दी-पडसे आणि साधा ताप बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतो आणि चार-सहा दिवसांत आपोआप उतरतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. 'ताकदीची बाटली' म्हणून लावतात त्या सलाइनचेही तसेच. मिठाच्या पाण्याच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या, तोंडाने काही न घेऊ शकणाऱ्या रुग्णाचा जीव हीच बाटली वाचवते. पण जो पाणी पिऊ शकतो, त्याला नुसत्या अशक्तपणासाठी ती लावून ताकद येत नाही.

शिवाय सुई निर्जंतुक नसेल तर तीच आजार देते. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले, तेव्हा एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या अपात्र 'डॉक्टर'वर ठपका आला. २०१९ मध्ये पाकिस्तानात सिंधमधल्या रातोडेरो गावी शेकडो लहान मुलांना अशीच लागण झाली. तिथेही असुरक्षित सुया हे मोठे कारण निघाले. म्हणून सुई खरोखरच गरजेची असेल, तर तिचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले जाते का, एवढे पाहावे.

तिसरी गोष्ट गोड बोलणे. रुग्णाशी नरमाईने बोलणे हा उपचाराचाच भाग आहे, यात शंका नाही. पण दीड वर्षात अम्मींच्या पायाकडे एकदाही कोणी पाहिले नाही आणि आम्ही 'खाला' या शब्दावर खूश होतो.

मग पाहायचे काय?

आधी भिंतीवरची पाटी. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे आणि चिठ्ठीवरही छापला पाहिजे, असा वैद्यकीय आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे. आपल्या राज्यात एमबीबीएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते, बीएएमएस आणि बीयूएमएस यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथीची वेगळी परिषद आहे. युनानीचे शिकलेले हकीमसाहेब असोत की अॅलोपॅथीचे डॉक्टर, त्यांची पदवी कोणती हे विचारण्यात बेअदबी नाही. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या नुकसानीला जबाबदार असतो, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे.

दुसरे, विचारपूस आणि तपासणी. आधीचे आजार, चालू असलेली औषधे, कशाची अॅलर्जी, बाई गरोदर आहे का, हे विचारल्याशिवाय औषध लिहिले जात असेल तर सावध व्हावे. लहान मुलाचे औषध वजनावर ठरते, म्हणून दवाखान्यात वजनकाटा असावा आणि तो वापरलाही जावा. मधुमेहींचा रक्तदाब भेटीच्या वेळी मोजला जावा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी व्हावी. डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची तपासणी वर्षातून किमान एकदा व्हावी. रमजानच्या महिना-दीड महिना आधी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा सहरी-इफ्तारशी कशा जुळवायच्या, रोजा ठेवणे धोक्याचे आहे का, हे जो स्वतःहून समजावतो, तो डॉक्टर कोणत्याही धर्माचा असो, आपली काळजी घेणारा आहे.

तिसरी, चिठ्ठी. औषधाचे मूळ म्हणजे जेनेरिक नाव वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये त्याच आचारसंहितेत झाली. उपचाराची कागदपत्रे रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, हेही त्यात आहे. बिननावाची पुडी म्हणजे पुढच्या डॉक्टरच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी.

चौथे, अदब आणि परदा. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असावी, हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत तो नोंदवलेला आहे. या संकोचापायी आपल्या किती बहिणी दुखणे अंगावर काढतात, हे वेगळे सांगायला नको.

बगदादची परीक्षा

पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. ती म्हणजे आपली मर्यादा ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठवणे. यावर इतिहासातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. इ.स. ९३१ मध्ये बगदादमध्ये एका तबीबाच्या चुकीने रुग्ण दगावला. अब्बासी खलिफा अल-मुक्तदिर यांनी हुकूम काढला की परीक्षा दिल्याशिवाय कोणी उपचार करू नये. परीक्षा घेण्याचे काम सिनान इब्न साबित यांच्याकडे आले आणि सुमारे ८६० तबीब त्यांच्यापुढे हजर झाले. त्यांत एक रुबाबदार म्हातारा होता, ज्याला लिहिता-वाचताच येत नव्हते. पोटाचा प्रश्न म्हणून त्याने गयावया केली. सिनान यांनी त्याला परवानगी दिली, पण जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचे नाही, जालीम रेचक द्यायचे नाही, साध्या दुखण्यांपुरतेच राहायचे, या अटीवर. हजार वर्षांपूर्वीची ही अट आजही लागू आहे. "हे माझ्याकडे नको, मोठ्या दवाखान्यात दाखवा," असे म्हणणारा डॉक्टर कमी दर्जाचा नसतो, तो प्रामाणिक असतो.

आमचाही हिशोब

अम्मी घरी आल्यावर आम्ही मोहल्ल्यातल्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. भांडायला नाही, सांगायला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दीड वर्षात तुम्ही एकदा तरी चिठ्ठी मागितलीत? सुई दिली नाही तर लोक समोरच्या दवाखान्यात जातात." त्यांची चूक यामुळे कमी होत नाही. पण त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. अम्मींनी सुई मागितली होती आणि आम्ही ती मागू दिली होती.

आता घरात प्रत्येकाच्या नावाची एक फाइल आहे. चिठ्ठ्या, तपासण्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे तारखेप्रमाणे त्यात लावतो. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो : आजार काय आहे? औषध कशाचे आहे आणि किती दिवस घ्यायचे? काय झाले तर लगेच परत यायचे? नीट उत्तर देणाऱ्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

डॉक्टरसाहेब आता आम्हाला चिठ्ठी लिहून देतात. परवा आमच्या पुढे नंबर असलेल्या आजी मात्र तीन रंगांची पुडी घेऊनच गेल्या. त्यांच्यासोबत दहावीतला नातू होता. त्याला आम्ही बाहेर थांबवून सांगितले, "बेटा, आत जा आणि आजींच्या गोळ्यांची नावे लिहून आण." तो थोडा घाबरला, पण गेला. शिफा अल्लाहच्या हातात आहे. नाव लिहून घेणे आपल्या हातात आहे.