सुट्टीतला ताण आणि नोकरीची विचारपूस

दिवाळीची सुट्टी लागली की कॉलेज बंद होते; शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या डोक्यातले विचार मात्र बंद होत नाहीत. सत्राची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा बाकी आणि दिवसभर घरात. मग "आता पुढे काय?" हा प्रश्न सुरू होतो. आई विचारते, नळावर शेजारीण विचारते, गावाहून आलेले मामा विचारतात. एका खोलीच्या घरात या प्रश्नापासून उठून जायला दुसरी खोली नसते. मुलगा मग नाक्यावर जाऊन उभा राहतो, मुलगी मोबाईलमध्ये डोके घालते, आणि घरच्यांना वाटते, यांना काही काळजीच नाही.

खरे तर काळजी असते, आणि ती फार असते. आरोग्याच्या या पानावर आम्ही नोकरीच्या शोधाबद्दल लिहीत आहोत ते याचसाठी. आपल्या वस्तीतील तरुणांच्या मनावरचे मोठे ओझे आज हेच आहे. ते हलके करायचे तर औषधापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात. योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता येणे ही एक, आणि दिवसाला काही वळण असणे ही दुसरी.

ताण अंगात कसा दिसतो

काळजी वाढली की शरीर संकटाच्या तयारीला लागते. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, स्नायू आखडतात. परीक्षेपुरते हे ठीक असते. पण महिनोन्महिने हीच अवस्था राहिली की तक्रारी सुरू होतात: पोटात जळजळ, डोके जड, मान आखडलेली, भूक मेलेली किंवा सारखे खावेसे वाटणे, रात्री झोप नाही आणि सकाळी उठवत नाही. मुलींची पाळी पुढेमागे होऊ शकते. घरात या तक्रारींना "आळस" किंवा "मोबाईलचे खूळ" असे नाव मिळते. मोबाईलचा दोष नाही असे नाही. पण पुष्कळदा मोबाईल ही लपायची जागा असते, आणि ज्यापासून लपायचे ते दुसरेच असते.

उत्तर आले नाही म्हणजे तुम्ही कमी नाही

पन्नास ठिकाणी अर्ज पाठवले, एकाचेही उत्तर नाही. अशा वेळी मुले पहिला दोष स्वतःला देतात: आपले इंग्रजी कच्चे, आपले कॉलेज साधे, आपल्यातच काही नाही.

येथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवली, बदलले फक्त नाव. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांच्या अर्जांपेक्षा कमी निघाली. म्हणजे दार उघडले नाही याचे कारण दरवेळी दार ठोठावणाऱ्यात नसते.

हे सांगण्याचा हेतू निराश करण्याचा नाही. तयारी कमी असेल तर ती वाढवलीच पाहिजे. पण जो दोष आपला नाही तो रात्री उशाला घेऊन झोपू नये. नुसत्या अर्जावर विसंबणेही पुरेसे नाही, हेही त्यातून कळते. अर्जाच्या पलीकडे माणसे लागतात.

ओळख म्हणजे वशिला नव्हे

"आपली कुठे ओळख नाही" हे वाक्य वस्तीत घरोघरी ऐकू येते. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या कचेऱ्यांत गेल्या, तेथील मुलाला काका, आत्या, वडिलांचे मित्र यांच्याकडून जेवताना सहज कळते की कुठे जागा निघतात, मुलाखतीत काय विचारतात, पहिला पगार किती मागावा. आपल्या मुलाला हे जाणीवपूर्वक गोळा करावे लागते.

आणि ते मागताना तो लाजतो. त्याला वाटते, हे वशिला लावणे झाले. तसे नाही. लायक माणसाची जागा हिरावून आपल्या माणसाला बसवणे हा वशिला. माहिती विचारणे, सल्ला घेणे, लायक मुलाचे नाव योग्य ठिकाणी सांगणे यात कोणाचे काही हिरावले जात नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातच याचे उदाहरण आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावांशी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचा परिचय झाला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च पेलेना, तेव्हा याच गुरुजींनी महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी आणि कष्ट भीमरावांचेच होते. गुरुजींनी फक्त ते पाहू शकणाऱ्या माणसापर्यंत त्यांना नेले. ओळखीचे काम एवढेच असते.

कोणाला विचारायचे?

कागद घ्या आणि नावे लिहा. आपली ओळख नाही असे म्हणणाऱ्याच्या कागदावरही पंधरा-वीस नावे सहज होतात: रेल्वेत, महापालिकेत, एसटीत, बँकेत, पोस्टात, रुग्णालयात असलेले नातेवाईक, वस्तीतून शिकून बाहेर राहायला गेलेले दादा-ताई, वसतिगृहातील आणि कॉलेजमधील मागच्या वर्षांचे विद्यार्थी, शिकवणारे सर आणि मॅडम, विहाराच्या कामात भेटणारी माणसे. आई ज्या कार्यालयात सफाईचे काम करते तेथील ओळखही लिहा. सुट्टीच्या दिवसांत यांतील पुष्कळजण निवांत असतात, गावी किंवा वस्तीत येतात. विचारपूस करायला हाच काळ चांगला.

काय विचारायचे?

"काका, कुठे नोकरी असेल तर बघा ना" असे म्हटले की काका "बघतो" म्हणतात आणि विषय संपतो. काकांच्या हातात नोकरी नसते, त्यामुळे तेही अवघडतात. त्याऐवजी त्यांच्याकडे जे नक्की आहे ते मागा, म्हणजे त्यांचा अनुभव. मोबाईलवर असा निरोप पाठवता येईल:

"जय भीम, दादा. मी तुमच्या मागच्या गल्लीतला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही अकाउंट्सच्या कामात आहात असे कळले. या कामाला सुरुवात कशी करावी, हे विचारायचे होते. सुट्टीत तुमच्या सोयीने पंधरा मिनिटे भेटलो तर चालेल का?"

भेटल्यावर चार-पाच प्रश्न पुरेत. तुम्हाला ही नोकरी कशी लागली? दिवसभर नेमके काय काम असते? नवीन मुलाला काय यायला हवे? माझ्या बायोडाटात काय कमी दिसते? आणि शेवटी, मी आणखी कोणाशी बोलू? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, त्यातून पुढची ओळख निघते. दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठवा, आणि त्यांनी सांगितलेले एखादे काम केले की तेही कळवा. माणसे त्यामुळे लक्षात ठेवतात.

उत्तर आले नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. वीसपैकी पाचजण बोलले तरी पुष्कळ झाले.

नाव नोंदवा, कागद जमवा

माणसांबरोबर नोंदणीही करून ठेवा. राज्य शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर नाव नोंदवता येते, आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. पदवी झाल्यावर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हाही चांगला रस्ता आहे. त्यात विद्यावेतन मिळते आणि अनुभवाचा दाखलाही. स्पर्धा परीक्षा, बँक, रेल्वे यांच्या तयारीसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे का, ते आत्ताच तपासा. केंद्र सरकारच्या भरतीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. ऐनवेळी एका कागदासाठी होणारी धावपळ झोप उडवते. ती सुट्टीत टाळता येते.

एक सावधगिरी. नोकरी देतो म्हणून आधी नोंदणी फी, गणवेशाचे किंवा लॅपटॉपचे पैसे मागणारा फोन आला तर पैसे पाठवू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लाज धरून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

सुट्टीतले हंगामी काम

सणाच्या गर्दीत कपड्यांच्या दुकानात, पॅकिंगला, केटरिंगला, कुरिअरला पुष्कळ मुले जातात. घराला हातभार लागतो आणि कॉलेजची फी निघते. हे काम कमी दर्जाचे समजू नका. गिऱ्हाईकाशी बोलणे, हिशेब ठेवणे, वेळ पाळणे हा बायोडाटात लिहिण्याजोगा अनुभव आहे. मात्र कामाचे तास आणि रोज आधी ठरवून घ्या, आणि शेवटी मालकाकडून दोन ओळींचे पत्र मागून घ्या. सलग उभे राहून पाय सुजणे, जेवण चुकणे, रात्री उशिरा परतणे असे रोजच होत असेल तर आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण विश्रांती हवी.

दिवसाला वळण हवे

नोकरीच्या शोधाला रोज दोन तास पुरे, शक्यतो सकाळी. एक अर्ज, एक निरोप, एक भेट किंवा फोन. मग तो विषय उद्यापर्यंत बंद. चोवीस तास त्याचाच विचार केल्याने शोध वाढत नाही, फक्त काळजी वाढते.

झोप सात ते नऊ तास हवी. सुट्टी असली तरी उठण्याची वेळ फार बदलू नका. संध्याकाळनंतर चहा टाळा. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल लांब ठेवा. इतरांच्या नोकरीचे फोटो रात्री बारा वाजता पाहून कोणालाही झोप लागत नाही. रोज अर्धा तास भरभर चाला, त्याला पैसे पडत नाहीत.

छाती धडधडू लागली तर ताठ बसा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटे करा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. विहारात शिकलेले आनापान याहून वेगळे: त्यात श्वास मोजायचा किंवा बदलायचा नसतो, आहे तसा पाहायचा असतो. दोन्ही उपयोगी आहेत, जे जमेल ते करा.

पालकांनो, थोडे तुमच्याशी

तुम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकवले, म्हणून तुम्हाला घाई आहे, हे आम्हाला कळते. पण "इतके शिकून काय उपयोग?" हे वाक्य मुलाला हलवत नाही, मोडते. रोज विचारण्याऐवजी आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी जेवण झाल्यावर म्हणा. तेव्हा शांतपणे ऐका: कोणाला भेटलास, काय कळले, आमची काय मदत हवी? शेजारच्या मुलाशी तुलना नको.

मुलगी सुट्टीत घरी आहे म्हणून धुणे, भांडी, पाणी आणि लहान भावंडे सगळे तिच्यावर टाकू नका. तिलाही सकाळचे दोन तास मोकळे हवेत. निकालाआधीच स्थळांची चर्चा सुरू झाली तर तिचा ताण दुप्पट होतो.

विहार समितीलाही एक विनंती. सुट्टीतल्या एखाद्या रविवारी वस्तीतील नोकरदारांना दोन तास बोलवा. भाषण नको, सत्कार नको. प्रत्येकाने आपल्याला काम कसे मिळाले ते सांगावे आणि मुलांनी विचारावे. ज्यांची तयारी असेल त्यांची नावे एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ती वही आणखी जाड होईल.

मदत केव्हा घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न राहणे, झोप आणि भूक बिघडणे, माणसे टाळणे, दारूकडे वळणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

"मी नसलेलाच बरा" असे कोणी बोलले तर ते चेष्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, जवळ बसा, सरळ विचारा आणि त्याच दिवशी मदत मिळवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आजच घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर ज्यांना भेटायचे त्या पाच जणांची नावे लिहा.