वापरणारे किती, राबणारे किती?
संघटनेची ताकद मी पावतीपुस्तकावरून मोजीत नाही. मावळातल्या कारखान्याच्या गेटसभेत नवा माणूस बोलावयास उठतो की नाही, ते पाहतो. मुक्त संगणकप्रणालींचेही तसेच. फाइली लहान करणारी ‘एक्स-झेड’ जगभरच्या लिनक्स यंत्रांत होती. सांभाळणारा मात्र मुख्यतः एकटा, थकलेला, बिनपगारी गृहस्थ. मदतनीस म्हणून आलेल्याने दोनेक वर्षे विश्वास मिळवून २०२४ साली तीत चोरवाट बसविली. म्हणून विचारावे : दोघे उठून गेले तर काम अडेल काय? तक्रारीस उत्तर किती दिवसांत मिळते? एकदा आलेला पुन्हा येतो काय? आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, म्हणजे कामगारदिनाचाच! तेथेही लेख मोजून भागत नाही. महिन्यातून निदान पाच वेळा हात लावणारे किती, ते पाहावे लागते.