एक सदस्य, अनेक दप्तरं

विकिपीडियावरच्या कुठल्याही सदस्याचं नाव 'सेंट्रलऑथ' या विशेष पानावर टाकलं की एक तक्ता उघडतो. डावीकडे विकींची नावं: मराठी विकिपीडिया, इंग्रजी विकिपीडिया, कॉमन्स, विकिस्रोत, विकिडेटा. प्रत्येकापुढे ते खातं तिथे कधी आणि कशाच्या आधारावर जोडलं गेलं, संपादनं किती, सदस्यावर तिथे बंदी आहे का, तो प्रचालक वगैरे आहे का, याच्या नोंदी. माणूस एकच, पासवर्डही एकच, तरी ओळी भराभर वाढत जातात. कित्येक ओळींत संपादनसंख्या शून्य दिसते. तिथे तो नुसता वाचायला गेला होता. पण सनोंद प्रवेश केलेला असल्यामुळे सॉफ्टवेअरने पहिल्याच भेटीत त्याचं स्थानिक खातं उघडून टाकलं.

हे पान नीट पाहिलं की मोठ्या पोर्टलमधला एक जुना पेच उलगडायला लागतो: माणसाची माहिती मध्यवर्ती ठेवायची, की ज्या त्या विभागाकडे?

विकिपीडियाची सुरुवात दुसऱ्या टोकापासून झाली. मीडियाविकी या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक विकीचा डेटाबेस वेगळा. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा त्याच्या सदस्यांची यादीही त्याची एकट्याची होती. मराठी लेखासाठी कॉमन्स या चित्रांच्या सामायिक भांडारात छायाचित्र चढवायचं तर तिथे नवं खातं काढावं लागे. आपलं नाव तिथे आधीच कुणी घेतलेलं असलं तर दुसरं नाव शोधा! एकाच माणसाचं काम अशा दोन-तीन नावांत विखुरलं जायचं.

2008 साली सगळ्या विकींवरची खाती जोडणारी सेंट्रलऑथ ही यंत्रणा सगळ्या सदस्यांसाठी खुली झाली. सारख्या नावाची खाती एकाच माणसाची आहेत का, हे ती पासवर्ड किंवा खात्री झालेला ईमेल पत्ता जुळवून ठरवायची. जुळलं तर जोडणी, नाहीतर खातं बाहेरच. वेगवेगळ्या माणसांनी घेतलेल्या एकाच नावाचा तंटा मात्र तसाच लोंबकळत राहिला. तो अखेर एप्रिल 2015 मध्ये मिटवला गेला. ज्यांना मूळ नाव मिळालं नाही, त्यांच्या नावापुढे विकीच्या डेटाबेसचं नाव चिकटलं. मराठी विकिपीडियावरच्या अशा खात्याला '~mrwiki' असं शेपूट. वर्षानुवर्षं ज्या नावाने लोक ओळखतात, ते नाव एका रात्रीत बदलणं ही लहान गोष्ट नव्हे. तरीही निर्णय योग्य होता. नावाच्या मालकीबद्दल शंका असेल, तर त्यावर उभी राहणारी कुठलीच सोय भरवशाची होत नाही.

मध्यवर्ती यंत्रणेने हातात घेतलं ते मोजकंच: नाव, पासवर्ड, ईमेल. स्थानिक यादी आजही शाबूत आहे. एकाच सदस्याचा क्रमांक मराठीत एक आणि कॉमन्सवर दुसरा असतो, आणि लेखांच्या इतिहासातल्या नोंदी त्या स्थानिक क्रमांकाशीच बांधलेल्या असतात. अधिकारांचंही तसंच. मराठी विकिपीडियावरच्या प्रचालकाला कॉमन्सवरचं चित्र वगळता येत नाही. हा विश्वास मराठी समुदायाने त्याला दिलेला आहे, तो परस्पर दुसरीकडे लागू होऊ नये. सर्वत्र खातं कुलूपबंद करण्याचं काम सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या स्टुअर्डसारख्या थोड्या लोकांकडे आहे, तेवढं पुरे.

खरी कसोटी पसंतीच्या पानावर लागते. जागतिक पसंती आली ती 2018 साली. त्याआधी कॉमन्सवर मराठी भाषा निवडली, तरी विकिडेटावर ती पुन्हा निवडावी लागे. आता जागतिक पसंतीच्या पानावर प्रत्येक पर्यायाशेजारी एक चौकट असते. तिच्यात खूण केली की ती पसंती सगळीकडे लागू होते. आणि स्थानिक पानावर त्याच पर्यायाशी 'इथे अपवाद' अशा अर्थाची दुसरी चौकट असते. भाषा सगळीकडे मराठी, पण एखाद्या तांत्रिक विकीवर संदेशांचा अनुवाद अपुरा आहे म्हणून तिथे तेवढी इंग्रजी. ही दुसरी चौकट या सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणा भाग आहे. ती नसती, तर मध्यवर्ती सोय ही सक्ती झाली असती.

सदस्य पानाबाबत इतकी लवचिकता नाही. 2015 पासून मेटा-विकी या सगळ्या प्रकल्पांच्या समन्वयाच्या विकीवर लिहिलेलं सदस्य पान, जिथे सदस्याचं स्थानिक पान नाही अशा प्रत्येक विकीवर दिसतं. ते बहुधा इंग्रजीत असतं, त्यामुळे मराठी वाचकाला मराठी संपादकाची ओळखही इंग्रजीत वाचावी लागते. मराठीत दोन ओळींचं पान केलं की मेटाचं पान हटतं, मग मेटावर कितीही भर घाला, इथे ती उमटत नाही. स्थानिक पान नुसतं कोरं करूनही उपयोग नाही. मेटाचं पान परत दिसण्यासाठी ते प्रचालकाकडून वगळून घ्यावं लागतं.

लक्ष ठेवलेल्या पानांतले बदल दाखवणारी निरीक्षणसूची अजून ज्या त्या विकीचीच आहे. 2016 पासून इतर विकींवरच्या सूचना एकत्र दिसतात, म्हणून कॉमन्सवरच्या आपल्या चर्चापानावर कुणी काही विचारलं तर मराठी विकिपीडियावर काम करतानाच ते कळतं. मात्र आपण मराठी लेखात वापरलेल्या चित्राच्या पानावर कॉमन्समध्ये कुणी फेरफार केला, तर तो मराठी विकिपीडियाच्या निरीक्षणसूचीत दिसत नाही.