बळ उरते, शक्ती सरते

मराठीत आपण बळ, ताकद आणि शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र बल वेगळे आणि शक्ती वेगळी. बल म्हणजे जोर; शक्ती म्हणजे तो जोर किती झटकन कामी येतो याचे माप. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते आणि ती वॅटमध्ये मोजतात. ‘अंगात शक्ती राहिली नाही’ असे म्हातारी माणसे म्हणतात, ते या काटेकोर अर्थानेही खरे असते. वयाबरोबर दोन्ही घटतात, पण शक्ती अधिक वेगाने घटते. लंडनमध्ये डॉन स्केल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 65 ते 89 वयोगटातल्या निरोगी स्त्री-पुरुषांची तपासणी केली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्नायूंच्या ताकदीतली घट वर्षाला 1 ते 2 टक्के दिसली, तर पायांच्या शक्तीतली सुमारे साडेतीन टक्के.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा तर आमची शिर्डी ही उत्तम जागा आहे. दर्शनाच्या रांगेत एखादी आजी तासभर उभी राहू शकते. तिची अडचण उभे राहण्यात नसते. जरा टेकावे म्हणून ती भुईवर बसते आणि तेवढ्यात रांग पुढे सरकते, तेव्हा खरी परीक्षा होते. मागून धक्का लागला, उंबऱ्याला पाय अडखळला, एसटीच्या पायरीवर शरीर वर उचलायचे झाले, तर प्रत्येक वेळी हिशेब सेकंदाचा किंवा त्याच्याही अंशाचा असतो. स्नायूला आपला पुरता जोर उभा करायला पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तोल जाताना तेवढी सवड मिळतेच असे नाही. त्या क्षणी अंगात एकूण जोर किती यापेक्षा तो किती लवकर येतो, हे महत्त्वाचे ठरते.

असे का होते? स्नायूत संथ आणि चपळ असे दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू उभे राहणे, चालणे अशी लांबणारी कामे न थकता करतात. चपळ तंतू झटक्याच्या कामाला येतात. वाढत्या वयात मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशी मरतात. त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. त्यांतल्या काहींना शेजारची संथ चेतापेशी आपल्या पदरी घेते, बाकीचे सुकतात. यात चपळ तंतूंचे नुकसान अधिक होते. म्हणून चालता येते, पण पटकन उठता येत नाही.

द्वारकामाईत बाबांचे जाते आहे. हेमाडपंतांच्या साईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात बाबा गहू दळायला बसतात आणि गावातल्या चार बायका पुढे होऊन दळण हाती घेतात, ती कथा येते. त्या पिढीचे दळणे, स्वयंपाक, जेवण सारे भुईवर होते. दिवसातून कितीदा बसावे-उठावे लागे, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण खुर्ची, पलंग आणि कमोड आल्यावर दुखऱ्या गुडघ्यांना आराम मिळाला, तशी रोजची आपोआप होणारी उठबसही गेली.

पायांची शक्ती मोजायला यंत्र लागत नाही. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे-बसायचे आणि वेळ मोजायची. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार 12 सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर कार्यक्षमता घटल्याची ती खूण समजतात. माझ्या आईला 15 सेकंद लागले. तिचे वजन 55 किलो, उंची 150 सेंटिमीटर, खुर्ची 43 सेंटिमीटर उंच. वजन, उंची आणि वेळ यांवरून शक्ती काढण्याचे एक सूत्र स्पेनमधल्या संशोधकांनी दिले आहे. त्यात हे आकडे घातले की सुमारे 104 वॅट येतात. तीच बाई 10 सेकंदांत उठली-बसली तर 155 वॅट. शरीर तेच, खुर्ची तीच. फरक फक्त वेगाचा.

हा वेग परत मिळवता येतो का? बॉस्टनमधल्या 100 वृद्धाश्रमवासीयांवरचा प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 87 होते. दहा आठवड्यांच्या वजन-व्यायामाने त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. जिना चढण्याची शक्ती वाढली, पण सुमारे 28 टक्केच. ताकद वाढली म्हणजे शक्ती त्याच प्रमाणात वाढते असे नाही, हे यातून दिसते. म्हणून पुढे संशोधक वेगाकडे वळले. वजन हलके ठेवायचे, पण उचलताना झटकन उचलायचे आणि खाली आणताना सावकाश आणायचे. रोजच्या हालचालींसाठी ही पद्धत नेहमीच्या संथ व्यायामापेक्षा थोडी सरस ठरते, असे चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत दिसले आहे. फरक मोठा नाही, पण सत्तरीनंतर थोड्या फरकानेही पुष्कळ काही साधते.

घरी याचे साधे रूप असे: खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, जवळ कोणीतरी उभे राहायचे, आणि लवकर उठून सावकाश बसायचे. सुरुवातीला पाच-सहा वेळा, मग सवयीने वाढवत. हृदयविकार, चक्कर, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचे तीव्र दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. ताटात डाळ, दूध, अंडी यांपैकी काहीतरी असावेच. नुसत्या भाकरीवर स्नायू बांधला जात नाही.

26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. माझी आई त्याच सवलतीवर कोपरगावला भावाकडे जाते. तिकिटाचा प्रश्न सरकारने सोडवला. पायरीचा तिचा तिलाच सोडवायचा आहे. आपण मात्र प्रेमापोटी म्हातारपणाला एकच वाक्य ऐकवत असतो, ‘तुम्ही बसा, उठू नका, मी देतो.’ पाण्याचा तांब्या आपण आणून देतो आणि दिवसातली एक उठबस त्यांच्या हातून काढून घेतो. अशा शंभर तांब्यांनंतर आधाराशिवाय उठणे खरोखरच अवघड होऊन बसते. मदत करायचीच तर पुढे होऊन शेजारी उभे राहावे. उठायचे काम त्यांचे त्यांना करू द्यावे.