चुना आणि डोळा

हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो. आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, म्हणजे अल्क, ओळखण्याची ही घरगुती खूण. चुना हाही अल्कच. आम्लाला सारे भितात. पानाच्या तबकांतील चुन्याची प्लास्टिकची पुडी मात्र मुलाच्या हातीं सहज पडते, आणि येथेंच घात होतो.

आम्लानें डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनें गोठतात व तो थर त्यालाच आंत शिरण्यास कांहींसा अडवितो. अल्काचें तसें नाहीं. साबणाच्या कारखान्यांत कॉस्टिक सोडा तेलाचें जें करतो, तेंच चुना पेशींच्या आवरणांतील स्निग्धांशाचें करतो, आणि खोल उतरत जातो. दाबलेली पुडी फुटली कीं चुना थेट डोळ्यांत उडतो.

अशा वेळीं लिंबू पिळूं नये. शाळेंतलें समीकरण डोळ्यांत सोडवावयाचें नसतें. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी. नळाचें पाणी चालतें; उकळून निवविण्यांत वेळ घालवूं नये. मग तडक रुग्णालय गांठावें, कारण वरच्या पापणीखालीं चिकटलेले कण डॉक्टरांनाच पापणी उलटून काढावे लागतात.